मूल खेळत नाही? आधी या चुका टाळा

"सारखा मोबाईल काय, जरा खाली जाऊन खेळ!" आपल्या ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात काय आणि सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये काय, संध्याकाळी हे वाक्य ऐकू येतंच. मूल नाइलाजाने उठतं, चपला अडकवतं, खाली जातं आणि दहा मिनिटांत परत येतं. "खाली कोणीच नाहीये." मग आपण ठरवून टाकतो की हल्लीच्या मुलांना खेळायची आवडच नाही. मला हे मुळीच पटत नाही. मुलांची हौस जागच्या जागी आहे. जागा, ठरलेली वेळ आणि सवंगडी या गोष्टी मात्र आपण मोठ्यांनीच त्यांच्याकडून काढून घेतल्या आहेत, आणि त्या परत देणंही आपल्याच हातात आहे.

आधी किती खेळायला हवं ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी चांगली धाप लागेल अशी हालचाल हवी. आठवड्यातून तीन दिवस तिच्यात जोराचं धावणं आणि हाडं-स्नायू बळकट करणारे प्रकार हवेत: उड्या, चढणं, लोंबकळणं. तासभर सलग खेळायला हवं असं नाही. सकाळी पंधरा मिनिटं, शाळेत वीस, संध्याकाळी उरलेलं, असं चालतं.

"खाली जा" म्हणायचं, पण वेळ ठरवायची नाही

सगळ्यात मोठी चूक ही. एकाच इमारतीत आठ मुलं असतात. एकाची ट्यूशन पाचला, दुसऱ्याची सहाला, तिसरीचा कथकचा क्लास सातला. आठही मुलं रोज खाली उतरतात, पण एकमेकांना भेटत नाहीत. एकटं मूल काय खेळणार?

उपाय साधा आहे, पण तो मोठ्यांनी करायचा आहे. तीन-चार घरांनी मिळून एक तास ठरवा, समजा सहा ते सात, आणि त्या तासात कोणाचीही ट्यूशन ठेवायची नाही. ट्यूशनच्या सरांना सांगून पाहा. एकाच गल्लीतली तीन मुलं असतील तर वेळ बदलायला ते बहुधा तयार होतात. रोज एका घरातलं एक मोठं माणूस खाली बसेल. आजोबा असले तर उत्तमच. त्यांनी पंच व्हायचं नाही, भांडणात लगेच पडायचं नाही, नुसतं असायचं. तेवढ्याने आयांना धीर येतो, गाड्यांकडे लक्ष राहतं आणि मुलं आपली आपण डाव मांडतात.

जागा लहान असेल तर खेळही तसा निवडा. लंगडी, विषामृत, साखळी, सितोलिया (म्हणजे लगोरी) यांना मैदान लागत नाही. सितोलियाला फुटक्या फरशीचे सात तुकडे आणि एक मऊ चेंडू पुरतो, काचाही फुटत नाहीत. "चेंडू खेळण्यास मनाई" अशी पाटी सोसायटीत लागली असेल तर कमिटीच्या बैठकीत जाऊन रोजच्या एका तासासाठी एक कोपरा गाड्यांपासून मोकळा मागा. हे मागायला लाजू नका. मेंटेनन्स आपणही भरतो.

वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र खेळली तर फारच छान. लहानांना लिंबूटिंबू म्हणून घेतात, आणि पाहता पाहता ती तरबेज होतात.

उजेडात खेळण्याचा आणखी एक फायदा डोळ्यांना आहे. दिवसाच्या उजेडात जास्त वेळ राहणाऱ्या मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. तैवानमध्ये २०१० पासून शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याचा कार्यक्रमच हाती घेतला. म्हणून संध्याकाळची वेळ ठरवताना अंधार पडायच्या आतली ठरवा.

अकादमीची फी भरली की काम झालं असं मानणं

आपलं शहर क्रिकेटवेडं आहे. २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने याच रूपसिंह स्टेडियमवर नाबाद २०० केले, ते इथे कोण विसरेल? त्यामुळे मूल सात वर्षांचं झालं की किट येतं. पण एकदा स्वतः जाऊन अर्धा तास पाहा. नेटमध्ये पंचवीस मुलं असतील तर आपल्या मुलाची बॅटिंग चार-पाच मिनिटं आणि बाकीचा वेळ रांगेत. शनिवार-रविवारचा क्लास रोजच्या खेळाची जागा घेऊ शकत नाही. प्रशिक्षकांना विचारा: थांबलेली मुलं काय करतात? चांगला प्रशिक्षक त्यांना फील्डिंग, धावणं, दोरीउड्या यांत गुंतवून ठेवतो.

शिवाय बारा वर्षांच्या आत एकाच खेळाला जुंपू नका. तेच खांदे, तेच गुडघे वर्षभर राबले की लहान वयात दुखणी सुरू होतात. पोहणं, धावणं, मल्लखांब असं काहीतरी वेगळंही असू द्या. मल्लखांब तर २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्य खेळ आहे आणि आपल्या मराठी घरांना तो परका नाही. आणि ज्यांच्या नावाने ते स्टेडियम आहे ते रूपसिंह हॉकीपटू होते, मेजर ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकाचे मानकरी. मुलाला एकदा हॉकी स्टिकही हातात धरून पाहू द्या.

पीटीचा पिरियड गेला तरी गप्प बसणं

परीक्षा जवळ आली की पीटीच्या तासाला गणित होतं, आणि आपण पालक "बरं झालं, पोर्शन पुरा झाला" म्हणतो. शाळेला आपणच शिकवतो की हा तास फालतू आहे. सीबीएसईने २०१८ मध्ये नववी ते बारावीसाठी रोज खेळाचा एक पिरियड ठेवायला सांगितलं. पालकसभेत मार्कांबरोबर एक प्रश्न नेमाने विचारा: "या महिन्यात पीटीचे किती तास प्रत्यक्ष मैदानावर झाले?" चार पालकांनी विचारला की शाळा नोंद ठेवू लागते. शिकवणारा प्रशिक्षित आहे का, हेही विचारा. १९५७ पासून शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी लक्ष्मीबाई संस्था, जी आज अभिमत विद्यापीठ आहे, याच शहरात आहे. ग्वाल्हेरच्या शाळेने माणूस मिळत नाही म्हणणं शोभत नाही.

मैदानाला फेऱ्या आणि उठाबशा शिक्षा म्हणून देणं चालू असेल तर त्यावरही बोला. ज्या धावण्याची मुलाला शिक्षा म्हणून ओळख झाली, ते त्याला आवडणार कसं? घरी "मार्क कमी पडले, आठवडाभर खेळ बंद" हीसुद्धा तीच चूक.

मुलगी बारा वर्षांची झाली की तिला घरात बसवणं

हे मला सगळ्यात जास्त खुपतं. सहावी-सातवीपर्यंत गल्लीत सगळ्यांना पळवणारी मुलगी आठवीत गॅलरीतून खेळ बघत असते. कोणी तिला स्पष्ट "नको" म्हटलेलं नसतं. "आता मोठी झालीस", "ऊन लागून काळी पडशील", "हे कपडे घालून खाली?" असं थोडं थोडं साठत जातं. पाळी सुरू झाली की शाळेतल्या अस्वच्छ बाथरूममुळे ती स्वतःच पीटीला दांडी मारते.

पाळीत खेळायला हरकत नसते. फार दुखत असेल तर तेवढे दिवस विश्रांती घ्यावी. तिला अंगाला नीट बसणारे खेळाचे कपडे आणि स्पोर्ट्स ब्रा घेऊन द्या. दोन-तीन मैत्रिणींना एकत्र पाठवा, म्हणजे येण्या-जाण्याची काळजी कमी होते. शाळेच्या बाथरूमबद्दल आईने तक्रार केली तर बाबांनीही त्या अर्जावर सही करावी. राज्याची महिला हॉकी अकादमी ग्वाल्हेरमध्येच आहे. मुलीला एखाद्या सकाळी तिथल्या मुलींचा सराव दाखवून आणा.

मे आणि जानेवारीत सगळं बंद

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, लू म्हणजे भाजणारा गरम वारा वाहतो, तेव्हा सकाळी अकरा ते पाच बाहेर नकोच. पण दोन महिने सगळंच थांबवलं तर जूनमध्ये मूल जिना चढताना धापतं. सकाळी सहाला उठवून साडेसातपर्यंत खेळू द्या. दिवे लागल्यावर गच्चीवर दोरीउड्या, फुगड्या, सूर्यनमस्कार होऊ द्या. जानेवारीत धुक्यामुळे सकाळ हातची जाते, तेव्हा दुपारचं ऊन वापरा.

उन्हाळ्यात खेळायच्या आधी पाणी, मध्ये पाणी, घरी आल्यावर पन्हं. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणालं तर लगेच सावलीत आणा, ओल्या कपड्याने अंग पुसा, पाणी द्या. मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा गळून पडलं तर थेट दवाखाना.

वजनावरून बोलणं

"जाडू, पळ जरा" असं मावशी-काकांनी प्रेमाने म्हटलं तरी ते मुलाच्या मनात राहतं आणि ते मैदान टाळू लागतं. खेळाचा आणि वजनाचा संबंध त्याच्यासमोर काढूच नका.

आपण सोफ्यावर, मूल मैदानावर

रविवारी सगळ्यांनी मिळून किल्ला चढा. गाडीने उरवाईच्या बाजूने वर जाऊ नका, ग्वाल्हेर गेटकडून पायी चढा. वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या नवव्या शतकातल्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे. हे आधी सांगून ठेवलं की मुलं आपल्यापुढे पळतात.

तरीही अडतंय?

खेळून आल्यावर अभ्यासात पेंगतं: बहुतेक वेळा पोट रिकामं असतं किंवा रात्रीची झोप अपुरी असते. आल्या आल्या पोहे किंवा शेंगदाणे-गूळ द्या, अर्ध्या तासाने वह्या काढा.

हरलं की रडतं: काही दिवस हार-जीत नसलेले खेळ घ्या, आणि "कोण जिंकलं?" याऐवजी "आज काय मजा आली?" असं विचारा.

इतरांपेक्षा फार लवकर दमतं, खेळताना खोकला किंवा शिट्टीसारखा श्वास येतो: आळशी म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा. दमा किंवा रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं हे कारण असू शकतं, आणि दोन्हींवर उपचार आहेत.

रात्री दोन्ही पाय दुखतात, सकाळी मूल ठणठणीत असतं: वाढत्या वयात हे होतं, तेल लावून चोळलं की बरं वाटतं. पण एकाच पायात दुखत असेल, सांधा सुजला असेल, ताप असेल किंवा सकाळीही लंगडत असेल, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.