गाय उलटतेय? भरवल्याची नाही, व्याल्याची तारीख बघा

"डॉक्टर, तिसऱ्यांदा उलटली. या खेपेला भारीतलं सीमेन आणा." ऊसपट्ट्यातल्या संकरित गाईंच्या गोठ्यात हे वाक्य नेहमीचं. सीमेन बदलून गाय पुन्हा भरवली जाते, म्हणजे कृत्रिम रेतन होतं. खर्च वाढतो आणि एकवीस दिवसांनी ती गाभण न राहता पुन्हा माजावर येते, म्हणजेच उलटते. अशा वेळी मी दोनच गोष्टी विचारतो. व्याली कधी? आणि व्याल्यावर पहिल्या महिन्यात अंगानं किती उतरली? पहिलं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला मालक गाईकडे बघायला लागतो.

आज सुटणारं बीज आज तयार झालेलं नसतं. बीजांडकोषात त्याची वाढ अडीच-तीन महिने आधीपासून चालू असते. व्याल्यावर दूध महिना-दीड महिन्यात टोकाला जातं, पण भूक मागे राहते. खाणं पूर्ण वाढायला अडीच महिनेही लागतात. मधली तूट गाय अंगावरची चरबी वितळवून भरून काढते. तूट मोठी असेल तर रक्तातली साखर आणि इन्सुलिन खाली येतं, मेंदूकडून बीजांडकोषाला मिळणारे इशारे मंदावतात, माज उशिरा किंवा मुका, म्हणजे बाहेरून लक्षणं न दाखवता, येतो. बीज सुटलं तरी ते त्याच उपाशी दिवसांत वाढलेलं असतं.

आटवल्यावर गाय लठ्ठ करणं

"आता दूध नाही, खाऊ दे" म्हणून गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत, दूध काढणं थांबवल्यावर, खुराक ओतला जातो. लठ्ठ गाय व्याल्यावर कमी खाते आणि चरबी मात्र जास्त सोडते. ती चरबी यकृतात साठते. अंगावरच्या चरबीच्या 1 (हडकुळी) ते 5 (लठ्ठ) या मोजपट्टीवर विताना गाय सव्वातीन ते साडेतीन असावी. व्याल्यावर अर्धा गुण उतरली तर चालतं. पूर्ण गुण उतरली तर पुढचे उलटे तिथेच ठरले समजा. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेच्या हाडांवर हात फिरवून बघायची सवय लावा, नजर फसवते.

याच काळातली दुसरी गफलत कॅल्शियमची. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजल्या, तर हाडांतून कॅल्शियम काढून घेण्याची शरीराची सवय सुस्तावते. मग व्याल्याबरोबर मागणी एकदम वाढली की गाय बसते, तिला उठवत नाही. कॅल्शियम कमी पडलेल्या गाईची वार अडकते, गर्भाशय सावकाश आवळतं, भूक मंदावते. विल्यानंतर मात्र कॅल्शियम हवंच. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर गाय ठेवणाऱ्यांनी तर हे डोक्यात ठेवावं. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

फॅट वाढली म्हणून खूश होणं

ही चूक मला सगळ्यात गमतीची वाटते, कारण यात नुकसानीचे पैसे आधी नफा म्हणून हातात पडतात. ताजी व्यालेली गाय, संकलन केंद्रावर फॅट 3.5 ऐवजी 5 च्या पुढे, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मात्र 8.5 च्या खाली. मालकाला वाटतं, सरकी पेंड लागू पडली. खरं तर गाईच्या अंगावरची चरबी बादलीत उतरत असते, आणि ऊर्जा अपुरी म्हणून दुधातली प्रथिनं घटलेली असतात. पावतीवर प्रथिनांचा आकडा वेगळा येत असेल तर फॅटला त्यानं भागून बघा. उत्तर दीडच्या आसपास किंवा वर गेलं तर कितनबाधेची (चरबी वितळून रक्तात कीटोन साचण्याच्या आजाराची, म्हणजे कीटोसिसची) शंका घ्यावी.

गाय आजारी दिसेल याची वाट बघू नका. छुप्या कितनबाधेत ती उभी असते, दूध देते. फक्त आंबोण उष्टं टाकते आणि कडबा चघळते. व्याल्यापासून तीन आठवड्यांत पट्टीवर रक्त तपासता येतं. बीएचबी (रक्तातला मुख्य कीटोन) लिटरला 1.2 मिलीमोलच्या वर असेल तर पशुवैद्यकाला बोलवा.

घरोघरी यावर गूळ चारतात. गूळ कोठीपोटात (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) आंबतो, साखर म्हणून रक्तात जवळपास पोचतच नाही. उलट आम्ल वाढवतो. त्याऐवजी पाजायचं औषध म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ते यकृतात जाऊन ग्लुकोज बनतं. साधारण 300 मिली रोज, तीन ते पाच दिवस, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

आणि खुराक? दूध वाढलं म्हणून एका दिवसात दोन किलो वाढवू नका. शेण पातळ आणि फेसाळ झालं, रवंथ कमी झाला, फॅट एकदम कोसळली, तर पोट आंबट झालंय. विण्याआधी दोन-तीन आठवडे थोडी गोळी पेंड सुरू करावी आणि व्याल्यावर दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा किलो वाढवावी. सोबत लांब काड्यांचा सुका चारा हवाच.

भरवायची घाई

गर्भाशय पूर्वस्थितीत यायला सहा आठवडे लागतात. साठ दिवसांच्या आत भरवणं बहुधा वाया जातं. त्याआधीचे माज फक्त वहीत लिहा. पहाटे आणि रात्री, गोठा शांत असताना, अर्धा-अर्धा तास गाय बघा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी भरवा. सोट (माजातला चिकट स्राव) पांढुरकी किंवा पूमिश्रित असेल तर त्या माजाला भरवूच नका, आधी उपचार करा.