एकच 'आउट' लेबल पुरत नाही
लिनक्स कर्नलच्या सी कोडमध्ये, फाइलसिस्टिमच्या फंक्शनमध्ये आधी इनोड (फाइलची माहिती ठेवणारी रचना), मग बफर (डिस्कवरच्या ब्लॉकची मेमरीतली प्रत), मग लॉक घेतला असेल, तर एरर आल्यावर सोडण्याचा क्रम बरोबर उलटा हवा. त्यासाठी प्रत्येक टप्प्याला वेगळं गोटू लेबल ('goto' ने उडी मारून जिथे जायचं ती खूण) द्या आणि नावातच काम सांगा: 'आउट_अनलॉक', 'आउट_ब्रेल्स' (ब्रेल्स बफर सोडतं), 'आउट_आयपुट' (आयपुट इनोड सोडतं). 'एरर१', 'एरर२' अशी नावं नकोत. मधे एक पायरी वाढली की सगळे आकडे बदलावे लागतात.

केफ्री (मेमरी मोकळी करणारं फंक्शन), ब्रेल्स आणि आयपुटला नल (रिकामा पॉइंटर) दिलेला चालतो, एरर-पॉइंटर (पत्त्याऐवजी एरर कोड भरलेला पॉइंटर) मात्र नाही! म्हणून त्यातला एरर कोड आधी व्हेरिएबलमध्ये काढा आणि पॉइंटर नल करा. कर्नल ६.५ पासून स्कोप संपताच आपोआप सफाई करणारे मॅक्रोही आहेत, पण एकाच फंक्शनमध्ये ते आणि गोटू मिसळू नका.