जुन्या ब्रिटिश लॉऱ्यांची डिझेल इंजिने : या चुका टाळा

मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टच्या कारखान्यात घडलेले गार्डनर कंपनीचे 6एलएक्सबी इंजिन फोडेन, ईआरएफ, ॲटकिन्सन अशा अनेक लॉऱ्यांत बसत असे. आज त्या लॉऱ्या जतन करणाऱ्यांकडून या इंजिनाचे जे नुकसान होते, ते बहुधा घाईने होते.

डिझेल संपून इंधनाच्या नळ्यांत हवा शिरली की स्टार्टर दाबत राहणे ही नेहमीची चूक आहे. त्याने बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो आणि हवा मात्र जिथल्या तिथे राहते. आधी फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुड्यांविना डिझेल येईपर्यंत थांबावे आणि मग इंधन पंपावरची प्रत्येक सिलिंडरची छोटी तरफ एकेक करून हाताने चालवावी. तरफ आधी पोकळ लागते. नळी भरली की ती जड होते आणि इंजेक्टरमधून बारीक करकर ऐकू येते. पहिल्यांदा ती करकर ऐकली तेव्हा काहीतरी बिघडले, असे वाटून मी हात मागे घेतला होता; वास्तविक त्याच आवाजाची वाट पाहायची असते. एखादी तरफ हलतच नसेल तर जोर लावू नये. तिथला कॅम (पंप दाबणारा फिरता उंचवटा) वर आलेला असतो आणि इंजिन थोडे फिरवले की ती मोकळी होते.

दुसरी चूक गव्हर्नरशी, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांना मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेशी, खेळण्याची. 10.45 लिटरचे हे इंजिन मिनिटाला 1850 फेऱ्यांवर 180 अश्वशक्ती देते, परंतु त्याची खरी ओढ 1000 ते 1100 फेऱ्यांच्या आसपास असते. लॉरी मंद वाटते म्हणून वरची मर्यादा वाढवणे म्हणजे बेअरिंगचे आयुष्य कमी करणे होय. थंडीत इंजिन सुरू करायला ईथर (चटकन पेटणारा द्रव) फवारण्याचीही गरज नसते, कारण निरोगी गार्डनर त्याविनाच सुरू होते.

कॉमर या दुसऱ्या ब्रिटिश लॉरी कंपनीच्या टीएस3 इंजिनाला मात्र हे नियम जसेच्या तसे लावू नयेत. 1954 साली आलेल्या या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या तीन सिलिंडरांत सहा पिस्टन समोरासमोर धावतात आणि त्याला व्हॉल्व्ह नसतात. ओढ कमी होऊन काळा धूर येऊ लागला की लोक थेट इंधन पंप उतरवतात. आधी एअर क्लीनर पाहावा, नंतर एक्झॉस्टची (धूर बाहेर जाण्याची) सिलिंडरमधली छिद्रे काजळीने आकसली आहेत का ते तपासावे, आणि तासन्‌तास मंद गतीवर इंजिन चालू ठेवण्याची सवय सोडावी, कारण काजळी तिथूनच साठू लागते.