कुटारातली तार, वावरातली पास : घरचा मेटल डिटेक्टर जोडण्याआधी

आधी ठरवायचं ते हे, की शोधायचं काय. आमच्याकडे हा खटाटोप सुरू झाला तो गाईपायी. रोही (नीलगाई) आणि डुकरं आवरेनात म्हणून शेजारच्या काकांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तारेचं कुंपण घातलं. उरलेले तुकडे तिथंच गवतात पडले, गवताबरोबर कडबाकुट्टीत गेले आणि बोटाएवढी तार गाईच्या पोटात गेली. जनावर घास नीट न चावता गिळतं. तार जाळीपोटात अडकते, आणि जाळीपोटाच्या पुढं पातळ पडदा ओलांडला की हृदयच. गाय गेली. तेव्हापासून कुटार (बारीक केलेला चारा) गव्हाणीत टाकण्याआधी तपासायचं काहीतरी हवं होतं. वखराची तुटलेली पास (लोखंडी पातं), रोटावेटरचं उडालेलं पातं, ट्रॅक्टरची हरवलेली पिन ही गिऱ्हाइकं मागून आली.

हे आधी ठरवायचं कारण कॉइलचा, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचा, व्यास त्यावर ठरतो. मोठी कॉइल मोठी वस्तू खोलवरून पकडते, पण बारीक खिळा तिच्या हातून निसटतो. कुटारासाठी दहा-बारा सेंटिमीटरची कॉइल पुरते, वावरासाठी वीस-पंचवीसची लागते. एकाच यंत्रात दोन्ही कामं करायची हौस असेल तर दोन कॉइली करा, मधली करू नका. मी केली होती. ती ना कुटाराची झाली ना वावराची.

दुसरं ठरवायचं ते सर्किटची जात. सगळ्यात स्वस्त आणि सोपी जात म्हणजे दोन ऑसिलेटरवाली (ठरावीक वेगाने विजेची कंपनं काढणारी सर्किटं), बीएफओ. शंभर किलोहर्ट्झच्या आसपासचे दोन ऑसिलेटर चालवायचे आणि दोघांतला फरक कानाने ऐकायचा. टेबलावर हे खेळणं फार गोड चालतं. वावरात नेलं की रडतं. आपली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली, आणि बेसाल्टात मॅग्नेटाइट (चुंबकाला ओढलं जाणारं लोखंडाचं खनिज) असतं. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वरखाली झाली तरी सूर बदलतो. भेगाळलेल्या उन्हाळवाहीत कॉइल एका उंचीवर धरून चालून दाखवा मग! पूर्वेकडे गेलात तर भंडारा-नागपूरच्या पट्ट्यात मँगनीज, गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज. तिकडे तर माती आणि पास यांत फरक करणं या जातीला जमणारच नाही. त्यात एप्रिलचं ऊन. सावलीत जुळवलेला सूर बांधापर्यंत जाईस्तोवर सरकलेला असतो.

म्हणून मी पल्स इंडक्शनवर आलो. कॉइलला सेकंदात शंभर-दीडशे वेळा करंटचा झटका द्यायचा आणि एकदम तोडायचा. तोडताक्षणी कॉइलवर शेकडो व्होल्टचा उसळा येतो आणि काही मायक्रोसेकंदांत विरतो. जवळ धातू असेल तर तिच्यात प्रवाह क्षणभर घुमत राहतात आणि कॉइलमधलं विरणं किंचित लांबतं. तेवढा उशीर पकडून स्पीकरवर वाजवायचा, एवढंच यंत्र. कोरडी काळी माती त्याला फारशी फसवत नाही. उणं एवढंच, की लोखंड कोणतं आणि चांदी कोणती हे साध्या सर्किटमधून कळत नाही. आपल्याला लोखंडच हवंय, त्यामुळे तक्रार नाही.

आता सामान. कॉइलची तार शोधायला शहर गाठायची गरज नाही. ती तालुक्याच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. २५ गेज मागा, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. दुकानदार विचारील, ‘भाऊ, किती एचपीची मोटार?’ पन्नास ग्रॅम म्हटल्यावर तो हसतो. पण वीस सेंटिमीटर व्यासाच्या पंचवीस वेढ्यांना सोळा मीटरच तार लागते आणि ती तीस ग्रॅमही भरत नाही. सुट्या भागांसाठी मात्र नागपूरला सीताबर्डीची चक्कर किंवा कुरिअर. यादी छोटी आहे: ५५५ टायमर (झटक्यांची वेळ ठरवणारा), टीएल ०७२ ऑपअँप (बारीक सिग्नल मोठा करणारा), आयआरएफ ७४० मॉसफेट (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा), दोन छोटे ट्रान्झिस्टर, दोन १एन ४१४८ डायोड, मूठभर रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. प्रत्येक आयसी दोन-दोन घ्या. टायमरभोवतीचे कपॅसिटर पॉलिएस्टरचे मागा. साधा सिरॅमिक उन्हात आपली किंमत बदलतो आणि तुम्ही दोष दुसरीकडेच शोधत बसता. टीएल ०७२ नाही म्हणून एलएम ३५८ कोणी हातावर ठेवला तर परत करा. तो या कामाला फार सुस्त आहे.

बॅटरी घरात आहेच. फवारणीचा बॅटरीवाला पंप बहुतेकांकडे असतो आणि त्यात बारा व्होल्टची बॅटरी असते. तीच वापरा, पण फ्यूज लावल्याशिवाय नको. ही बॅटरी शॉर्ट झाली तर तार लाल होते. एक अँपिअरचा फ्यूज आणि त्याच्या शेजारी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा दहा वॉटचा बल्ब, या दोन गोष्टी यादीत आयसीच्याही वर लिहा. बल्ब कशाला ते पुढं येतं.

कॉइल हा या सगळ्याचा जीव आहे, आणि लोक तिलाच सगळ्यात कमी वेळ देतात. स्वयंपाकघरातला एक गंज, म्हणजे उभं पातेलं, घ्या आणि त्याला बाहेरून सुतळी गुंडाळून मोजा. ६३ सेंटिमीटर भरली की व्यास बरोबर वीस. पंचवीस वेढे शेजारी शेजारी ओढून घाला, चार ठिकाणी दोऱ्याने बांधा, अलगद उतरवा आणि चिकटपट्टी घट्ट लपेटा. टोकांवरचं वार्निश ब्लेडने तांबं चमकेपर्यंत खरवडा. तार तांब्यासारखीच दिसते म्हणून वार्निश आहे हे ध्यानात येत नाही आणि सोल्डर वरवर बसतं. माझी एक अख्खी रात्र यात गेली आहे. झाल्यावर मीटरने ओहम बघा. मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा केला की सव्वा ते दीड ओहम यायला हवेत. शून्याजवळ आले तर वेढे आतून शॉर्ट झालेत, काहीच आलं नाही तर वार्निश तसंच आहे.

कॉइल प्लायवर किंवा दोन प्लास्टिकच्या ताटल्यांमध्ये बसवा, इपॉक्सीने जाम करा. वेढा हलता राहिला तर चालताना यंत्र आपोआप कुरकुरतं. कॉइलजवळ एकही स्क्रू नको, खिळा नको, पत्रा नको. दांडा पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा, आणि बॅटरी-बोर्डची डबी कॉइलपासून किमान दोन फूट वर.

तपासणीची जागाही आधी तयार ठेवा. लोखंडी पलंग, पत्र्याचं शेड, स्टीलची मांडणी यांच्याजवळ बसून डिटेक्टर जुळवणं म्हणजे ढोलाजवळ बसून तंबोरा लावणं. ही चूक फार जुनी आहे. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल स्वतःचं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही, आणि गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला असं सांगतात. आपल्याकडे सोय बरी आहे. लाकडी, दोरीनं विणलेली बाज अंगणात काढा, वर कॉइल ठेवा. खिळ्यांनी ठोकलेली बाज मात्र नको.

आता पहिल्यांदा बॅटरी जोडायची वेळ. इथं तो इंडिकेटरचा बल्ब लागतो. वायरमन घरी सिरीज बल्ब लावतात तसा तो बॅटरी आणि बोर्ड यांच्या मध्ये घाला. मोठा कपॅसिटर बल्बच्या पुढं, बोर्डाच्या बाजूला असू द्या. सगळं ठीक असेल तर बल्ब पेटणार नाही, कारण सर्किट सरासरी तीस-चाळीस मिलिअँपिअरच घेतं. तो पेटला तर मॉसफेट सतत चालू आहे. बल्ब नसता तर दीड ओहमच्या कॉइलमधून सात-आठ अँपिअर धावले असते, आणि फ्यूजही नसता तर कॉइल किंवा मॉसफेट हातात आलं असतं. आणि एक: चालू यंत्राच्या कॉइलच्या टोकांना बोट लावू नका, मीटरही लावू नका. तो शेकडो व्होल्टचा उसळा तिथंच असतो.

बल्ब पेटला नाही, पण आवाजही नाही, तर मीटर डीसीवर ठेवून दोन जागा बघा. माझ्या सर्किटमध्ये ५५५ चा पल्स ट्रान्झिस्टरने उलटा करून मॉसफेटला जातो. त्यामुळे ५५५ च्या तीन नंबरच्या पायावर बॅटरीपेक्षा दीडेक व्होल्ट कमी दिसतात आणि मॉसफेटच्या गेटवर जेमतेम पाव व्होल्ट. हा पाव व्होल्ट बघून घाबरायचं नाही. झटका फार थोडा वेळ असतो आणि मीटर सरासरी दाखवतं. गेटवर पक्का शून्य म्हणजे पल्स पोचत नाही, तेव्हा ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागलेत का बघा. गेटवर बारा व्होल्ट म्हणजे ताबडतोब बंद.

स्पीकर सतत ओरडतो आणि नॉब कितीही फिरवला तरी गप्प बसत नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा ऑपअँपच्या तोंडाशी असलेले दोन डायोड एकाच दिशेने लागलेले असतात. ते एकमेकांना उलटे हवेत. ते ठीक असतील तर कॉइलला समांतर जोडलेला रेझिस्टर बघा. तोच कॉइलचं थरथरणं दाबतो. २२० ते ३९० ओहमच्या दरम्यान तो बसतो. फार मोठा ठेवला तर कॉइल घंटेसारखी वाजत राहते, फार छोटा ठेवला तर विरणं लांबतं आणि बारीक तार हरवते. पाव वॉटचा लावू नका, एक-दोन वॉटचा लावा. कॉइल कोमट लागत असेल तर झटका लांब झालाय, टायमरचा रेझिस्टर चुकीच्या रंगाचा बसला असेल.

जुळवणी अशी: नॉब फिरवत फिरवत आवाज थांबण्याच्या काठावर आणायचा. दोन-चार सेकंदांत एखादी टकटक येते तिथं थांबा. पूर्ण शांत करण्याचा मोह होतो, पण शांत यंत्र बहिरं असतं. मग एक रुपयाचं नाणं कॉइलच्या पुढून फिरवा. माझ्या यंत्राला ते टीचभर अंतरावरून कळतं, वखराची पास हातभरावरून.

टेबलावरून वावरात गेल्यावरचे दोष निराळेच. माझं यंत्र एकदा घड्याळासारखं टकटकायला लागलं, सेकंद-सव्वा सेकंदाला एक. मी रात्रभर सोल्डर तपासलं, आयसी बदलला, कॉइल पुन्हा बांधली. सकाळी ध्यानात आलं की शेजारच्या धुऱ्यावर सोलरचं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं) बसलंय आणि त्याचा प्रत्येक ठोका माझी कॉइल ऐकतेय. त्याला विचारून दहा मिनिटं मशीन बंद करायचं, हेच त्याचं रिपेअरिंग. मोटारीची केबल, डीपी, वरून गेलेल्या तारा यांच्यापासूनही लांब राहा. लाईट नसताना काम करा. भारनियमनाचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडला आहे. मोबाइल खिशात नको, घरी किंवा बैलबंडीत.

मग अंगावरचं. बूट लोखंडी टोकाचे नकोत. कमरेचा करदोटा चांदीचा असेल तर कॉइल जवळ ओढल्यावर तोही बोलतो. वहिनी मदतीला आल्या की यंत्र सारखं वाजायचं. जोडव्यांमुळे, हे कळायला अर्धा दिवस गेला.

कुटार तपासताना ते जमिनीवर ढीग करून नव्हे, ताडपत्रीवर वीतभर थरात पसरा आणि कॉइल अगदी टेकवून फिरवा. ताडपत्रीच्या कडेच्या धातूच्या कड्या आधी कापून टाका. गाईच्या पोटाला कॉइल लावून निदान करायला मात्र जाऊ नका. कितीतरी जनावरांच्या पोटात निरुपद्रवी लोखंड असतं, आणि काहींना डॉक्टरांनीच चुंबक गिळवलेलं असतं. तेही वाजतं. खाणं सोडलं, पाठ वाकवून उभी राहते, असं दिसलं तर थेट पशुवैद्यकाला बोलवा.

गावात यंत्र दिसलं की गुप्तधनाचा विषय निघतोच. त्यासाठीचं उत्तरही तयार ठेवा. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं जुनं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर, मनसर किंवा पवनीसारख्या जुन्या जागांवर यंत्र नेऊच नका. लष्कराच्या दारूगोळ्याच्या किंवा फायरिंगच्या जागेजवळ तर वाजलं म्हणून उकरणं जिवावर बेतेल. मी लोकांना सांगतो, हे यंत्र फक्त वखर शोधतं. ऐकून बहुतेक जण निघून जातात.

निघताना शेवटचं: पाण्याची प्लास्टिकची बाटली, खुणेला तुराटीच्या चार काड्या आणि सापडलेलं लोखंड टाकायला झाकणाचा प्लास्टिकचा डबा. ते परत धुऱ्यावर फेकलं तर पुढच्या वर्षी तेच शोधत बसाल. खुरपं यंत्र धरणाऱ्याकडे नको. ते दहा पावलं मागं चालणाऱ्याकडे द्या.