अभ्यासगटात नरक, तारण आणि मरणोत्तर जीवन हा विषय कसा घ्यावा

पुण्यातील मंडळ्यांच्या घरगुती बायबल अभ्यासात नरकाचा प्रश्न बहुधा एखाद्या दफनविधीनंतरच्या आठवड्यात निघतो. कोणाची तरी आई गेलेली असते, कोणाचा तरी भाऊ बाप्तिस्मा न घेताच वारलेला असतो, आणि पाळकसाहेब त्या संध्याकाळी दुसऱ्या सभेला गेलेले असल्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी अभ्यास घेणाऱ्या साध्या सभासदावर येऊन पडते. हे मार्गदर्शन अशा सभासदासाठी आहे. येशूने स्वतः या विषयावर पुष्कळ सांगितलेले असल्यामुळे तो टाळता येत नाही. परंतु कोठून सुरुवात करावी, काय वाचावे आणि कोठे थांबावे हे आधी मनाशी ठरवल्याशिवाय तो हातीही घेऊ नये. एका बैठकीत तो संपत नाही, म्हणून निदान चार बैठका त्यासाठी राखून ठेवाव्यात आणि गटाला तसे पहिल्याच दिवशी सांगावे.

पहिल्या बैठकीत नरकाविषयीचे एकही वचन काढू नये. त्या दिवशी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय एकाने सावकाश, सलग आणि मोठ्याने वाचावा. ख्रिस्ती आशेचा पाया येशूच्या पुनरुत्थानात आहे आणि तिचा शेवट मृतांच्या पुनरुत्थानात आहे. उपासनेत आपण म्हणतो त्या प्रेषितांच्या विश्वासांगीकारातही ‘शरीराचे पुनरुत्थान’ स्पष्ट शब्दांत आहे. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या मनात आत्मा देहातून निघून स्वर्गात जातो आणि तेथेच गोष्ट संपते, एवढेच चित्र असते. म्हणून दोन टप्पे वेगळे करून दाखवावेत. वधस्तंभावरील गुन्हेगाराला येशू ‘आज’ सुखलोकात असशील असे सांगतो (लूक २३:४३), आणि पौलाला येथून सुटून ख्रिस्ताजवळ जाण्याची ओढ आहे (फिलिप्पै १:२३). यावरून बहुतेक मंडळ्या मृत्यूनंतर लगेच प्रभूच्या सान्निध्यात असण्याची अवस्था मानतात. त्यापुढे पुनरुत्थान, न्याय आणि नवे आकाश व नवी पृथ्वी हा दुसरा टप्पा येतो. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट बंधुभगिनी पहिला टप्पा वेगळ्या रीतीने समजतात. मृत मनुष्य पुनरुत्थानापर्यंत काहीही न जाणता निद्रिस्त असतो असे ते उपदेशक ९:५ सारख्या वचनांवरून मानतात. औंधच्या स्पायसर या अॅडव्हेंटिस्ट शिक्षणसंस्थेमुळे पुण्यात हे मत मानणारी कुटुंबे चांगल्या परिचयाची आहेत, आणि गटात त्यांच्यापैकी कोणी असेल तर त्यांचे म्हणणे त्यांनाच मांडू द्यावे.

दुसऱ्या बैठकीत नरकाविषयीचे उतारे घ्यावेत, पण त्याआधी सर्वांच्या हातात एकच भाषांतर आहे याची खात्री करून घ्यावी. जुन्या करारातील अधोलोक हे सर्व मृतांचे ठिकाण आहे. तेथे चांगले आणि वाईट दोघेही जातात, आणि स्तोत्रकर्ता तर म्हणतो की मी अधोलोकात अंथरूण केले तरी देव तेथेही आहे (स्तोत्र १३९:८). ज्याला आपण नरक म्हणतो तो मूळ ग्रीकमधील गेहेन्ना. हा शब्द नव्या करारात बारा वेळा येतो. त्यांपैकी अकरा वेळा तो शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी आहे आणि एकदा याकोबाच्या पत्रात (३:६) आहे. नाव यरुशलेमच्या दक्षिणेकडील हिन्नोमच्या खोऱ्याचे आहे. तेथे एकेकाळी मोलख नावाच्या दैवतासाठी मुलांचा होम केला जात असे, योशीया राजाने ते ठिकाण भ्रष्ट केले (२ राजे २३:१०), आणि यिर्मयाने त्याला वधाचे खोरे म्हटले (७:३२). अनेक प्रवचनांत सांगितले जाते की येशूच्या काळी तेथे शहराचा कचरा सतत जळत असे. ही माहिती खात्रीची म्हणून देऊ नये, कारण तिचा जुन्यातला जुना लेखी उल्लेख इसवी सन १२०० च्या सुमारास रब्बी दाविद किम्ही यांच्या लेखनात सापडतो, म्हणजे येशूच्या काळानंतर हजाराहून अधिक वर्षांनी. यिर्मयाचा उतारा पुरेसा भयंकर आहे, त्याला जोड देण्याची गरज नाही.

येथेच एक गोष्ट उघडपणे बोलावी लागते. मराठी माणसाने नरक म्हटले की यमदूत, चित्रगुप्ताची वही आणि कुंभीपाक ही चित्रे लहानपणापासून ऐकलेल्या कथांतून समोर येतात; ख्रिस्ती घरांत वाढलेल्यांनाही ती ओळखीची असतात. त्या कथांतील नरकवास कर्मफळ भोगून संपतो आणि जीव पुन्हा जन्माला येतो. बायबलची मांडणी तशी नाही: माणसाला एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय नेमून ठेवला आहे (इब्री ९:२७). हा फरक शेजाऱ्यांच्या धर्माची टिंगल न करता, शांतपणे सांगावा.

त्यानंतर लूकच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या गोष्टीसाठी पुरेसा वेळ ठेवावा. माझ्या मते या विषयावर गटात वाचण्यासारखा याहून चांगला उतारा नाही, मात्र घाईने वाचल्यास तो भौगोलिक वर्णन वाटू लागतो. श्रीमंताला नाव नाही, भिकाऱ्याला आहे. कुत्री येऊन लाजराचे फोड चाटतात, आणि जांभळी व तलम तागाची वस्त्रे घालणारा तो मनुष्य त्याच्या शेजारून रोज ये-जा करतो. पुढे यातनेत असताना तो अब्राहामाला म्हणतो की लाजराला पाठव, त्याने बोटाचे टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी. येथे वाचन थांबवावे आणि गटाला एवढेच विचारावे की त्याला लाजराचे नाव कसे माहीत होते. दारात कोण पडले आहे हे त्याला आयुष्यभर ठाऊक होते, आणि आताही तो लाजराशी एक शब्द बोलत नाही. त्याला नोकरासारखे कामाला पाठवू पाहतो. त्याचे पाच भाऊ अजून जिवंत आहेत, म्हणजे अंतिम न्याय अद्याप झालेला नाही, आणि उताऱ्यात गेहेन्नाऐवजी अधोलोक हा शब्द आहे. त्यामुळे या गोष्टीवरून शेवटच्या नरकाचा नकाशा काढता येत नाही. तिच्यातून जे निश्चित मिळते ते मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाशी जुळते: न्यायाच्या दिवशी भुकेल्याला, तहानेल्याला, परक्याला, आजाऱ्याला आणि बंदिवानाला आपण कसे वागवले हे विचारले जाईल.

अग्नी आणि अंधार यांविषयीही प्रश्न येतील. येशू एका ठिकाणी न विझणाऱ्या अग्नीविषयी बोलतो (मार्क ९:४३) आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेरच्या अंधाराविषयी (मत्तय ८:१२). दोन्ही अक्षरशः घेतल्यास एकमेकांत बसत नाहीत, म्हणून या प्रतिमा आहेत असे अनेक परंपरानिष्ठ शिक्षकही मानतात. प्रतिमा म्हटल्याने त्यांमागील गोष्ट हलकी होत नाही, हे मात्र त्याच वेळी सांगावे.

तिसऱ्या बैठकीत मतभेद घ्यावेत. ख्रिस्ती मंडळीत नरकाच्या अंताविषयी तीन मुख्य मते आहेत, आणि अभ्यास घेणाऱ्याने प्रत्येक मत अशा रीतीने मांडावे की ते मानणारा मनुष्य समोर असता तर त्याला ते आपलेच वाटले असते. पहिले मत असे की दुष्टांची शिक्षा कधीही न संपणारी व जाणिवेने भोगली जाणारी आहे. मत्तय २५:४६ मध्ये जीवन आणि शिक्षा या दोहोंना ‘सार्वकालिक’ हे एकच विशेषण आहे. एक अनंत तर दुसरीही अनंत, असा युक्तिवाद संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात केला, आणि पाश्चात्त्य मंडळ्यांची बहुसंख्या, कॅथलिक व प्रोटेस्टंट दोन्ही, याच वाटेने गेली. दुसरे मत असे की अमरत्व ही देवाची देणगी आहे, ती नाकारणाऱ्याचा अखेर नाश होतो. मत्तय १०:२८ मध्ये आत्मा व शरीर या दोहोंचा नरकात नाश करणाऱ्याचे भय धरा असे म्हटले आहे, आणि पापाचे वेतन मरण आहे (रोम ६:२३). अॅडव्हेंटिस्ट हेच शिकवतात, आणि इंग्लंडमधील सुवार्तावादी धर्मोपदेशक जॉन स्टॉट यांनी १९८८ मध्ये, आग्रह न धरता, या मताकडे आपला कल असल्याचे लिहिले. तिसरे मत अखेरीस सर्वांचा समेट होईल असे मानते. त्यासाठी कलस्सै १:२० आणि १ करिंथ १५:२२ पुढे केले जातात. तिसऱ्या शतकातील धर्मशास्त्री ओरिगेन याच्या नावाशी ते जोडले गेले. सहाव्या शतकात, ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या काळात, ओरिगेनवादाचा निषेध झाला. तरीही तशीच आशा बाळगणारा न्यिसाचा बिशप ग्रेगरी संत म्हणून मानला जात राहिला.

प्रत्येक मताला एखादे वचन अडते, आणि ते अडते हे लपवू नये. नाशाचे मत मानणाऱ्याने प्रकटीकरण २०:१० वाचून दाखवावे, सर्वांच्या समेटाची आशा धरणाऱ्याने मत्तय २५:४६ वाचावे, आणि अनंत यातना मानणाऱ्याने मत्तय १०:२८ वाचावे. आपले स्वतःचे मत शेवटी आणि थोडक्यात सांगावे. मी नरक ही खरी शक्यता मानतो, कारण देवाने माणसाला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य दिले आहे असे मला शास्त्रातून दिसते. आणि सर्व माणसांचे तारण व्हावे ही देवाची इच्छा असल्यामुळे (१ तीमथ्य २:४) कोणासाठीही प्रार्थना सोडण्याचा अधिकार मला नाही, असेही मी मानतो.

पुण्यात एकाच घरात कॅथलिक सून आणि प्रोटेस्टंट सासू असणे नवलाचे नाही, म्हणून शुद्धीस्थानाचा प्रश्न येईलच. कॅथलिक शिकवणीनुसार शुद्धीस्थान हा नरकाचा सौम्य प्रकार नाही. देवाच्या कृपेत मेलेल्या, ज्यांचे तारण निश्चित आहे अशांचे ते अंतिम शुद्धीकरण आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ही शिकवण पुन्हा ठामपणे मांडली. तिचा एक आधार मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (अध्याय १२) आहे, आणि ते पुस्तक प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसल्यामुळे वाद तेथूनच सुरू होतो. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या आणि फुले घेऊन जाणारी सून काय करते हे सासूला कळावे, आणि सासू मृतांसाठी प्रार्थना का करत नाही हे सुनेला कळावे, एवढे साधले तरी ती बैठक कारणी लागली.

तारण कृपेने की कर्मांनी, हा जुना वाद फार लांबवू नये. इफिस २:८-९ आणि याकोब २:२४ शेजारी शेजारी वाचावीत. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणांमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी समर्थ करतो, असे दोघांनी मिळून त्यात मान्य केले.

चौथी बैठक सर्वांत कठीण. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांचे आजे-पणजे नगर-जालन्याकडील खेड्यांत होते, आणि त्यांच्यापैकी निम्मे घर बाप्तिस्म्याबाहेर राहिले. एखादी वृद्ध बाई अभ्यास संपताना विचारते, “माझे वडील फार देवभोळे होते, कधी कोणाचं वाईट केलं नाही; ते कुठं असतील?” त्या क्षणी वचन फेकू नये आणि खोटा दिलासाही देऊ नये. येशूवाचून पित्याकडे कोणी येत नाही (योहान १४:६), हे ख्रिस्ती विश्वासाचे मर्म आहे आणि ते सोडता येत नाही. काही मंडळ्या यावरून पुढे असे शिकवतात की ज्याने जिवंतपणी येशूवर उघड विश्वास ठेवला त्याचेच तारण होते, आणि रोम १०:१४ त्यांच्या सुवार्ताकार्याचा प्राण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले की ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. ते मिळते ते ख्रिस्तामुळेच. अनेक प्रोटेस्टंट शिक्षक रोम २:१४-१६ वरून याच्या जवळपास येतात. या दोन्ही भूमिका तिला सांगाव्यात, पण नंतर, घरी जाऊन, चहा घेताना. त्या क्षणी अब्राहामाचा प्रश्न पुरे: सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय (उत्पत्ति १८:२५)? अमुक मनुष्य नरकात आहे असे नाव घेऊन कॅथलिक चर्चने कधीही जाहीर केलेले नाही, आणि अभ्यास घेणाऱ्यानेही ते करू नये.

बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळाची आई गटात असेल तर तिच्यासमोर ‘लिंबो’चा, म्हणजे अशी बाळे स्वर्गाबाहेर एका वेगळ्या अवस्थेत राहतात या जुन्या कल्पनेचा, उल्लेखही चुकून होऊ देऊ नये. ती कल्पना कधीच सिद्धान्त म्हणून घोषित झाली नव्हती, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरण्यास गंभीर आधार आहेत असे म्हटले. ही माहिती तिला एकांतात द्यावी.

संडे स्कूलमधील लहान मुलांना या बैठकांना बसवू नये. त्यांच्यासाठी हरवलेल्या मेंढराची गोष्ट आहे. मोठ्यांपैकी कोणी भीतीने झोप लागत नाही असे सांगितले, तर त्याचे नाव पाळकांना त्याच्या संमतीने कळवावे आणि पुढच्या रविवारची वाट न पाहता भेट ठरवावी. गटाच्या आवाक्याबाहेरचे प्रश्न एका कागदावर लिहून ठेवावेत. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत किंवा नगर रस्त्यावरील ज्ञानदीप या कॅथलिक धर्मशिक्षण संस्थेत शिकलेले पाळक आणि फादर शहरात पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी एकाला तो कागद आधी पाठवून पाचव्या बैठकीला बोलवावे.