जुन्या पिकअपला दुसऱ्या गाडीची डिझेल टाकी बसवायची तर आधी काय काय तयार ठेवायचं

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यात केळी वाहणाऱ्या जुन्या पिकअप अजून रोज चालतात, इंजिन ठणठणीत असतं पण टाकी खालून गंजून पापुद्रा झालेली, एमसील लावून लावून किती दिवस काढणार. मूळ टाकी मिळाली नाही की भंगारातून दुसऱ्या मॉडेलची आणावी लागते. आमच्या गाडीला मी दोनदा हे काम केलंय, पहिल्यांदा तयारी न करता, म्हणून लिहितोय.

आमचा मिस्त्री अहिराणीत एकच सांगतो, "पहिले माप ले, मंग टाकी ले." लोक लिटर बघून टाकी घेतात, लिटर शेवटी बघा भाऊ. आधी केळीच्या पेटीचा जाड पुठ्ठा घ्या आणि जुन्या टाकीच्या तीन बाजूंचा साचा कापा, त्यावर टाकी बांधायच्या पट्ट्यांची जागा, फ्लोटचं (डिझेल किती आहे ते काट्याला सांगणाऱ्या तरंगत्या दांडीचं) भोक, भरायच्या तोंडाची दिशा मार्करने काढा आणि तो पुठ्ठा घेऊनच भंगारवाल्याकडे जा. माप घेताना गाडी रिकामी नको, मागे माल भरलेला असू द्या, कारण स्प्रिंगचे पाटे दबले की जॉइंट शाफ्ट (चाकांना ताकद नेणारा दांडा) आणि अ‍ॅक्सल किती वर येतात ते तेव्हाच दिसतं. सायलेन्सरचा पाइप तर टाकीपासून जितका दूर तितकं बरं, आणि जवळ येतच असेल तर मध्ये पत्र्याची आड हवीच.

डिझेल गाडीची टाकी डिझेल गाडीचीच घ्या. पेट्रोल गाडीच्या टाकीत बऱ्याचदा पंप आतच असतो, रिटर्नची नळी (उरलेलं इंधन टाकीत परत आणणारी) नसतेच, आणि पेट्रोलची वाफ आत राहते ती वेगळी. टाकी हातात आली की टॉर्च लावून आत बघा, बोट फिरवून बघा, लाल भुकटी लागली तर सोडून द्या, कितीही स्वस्त असू द्या. ती भुकटी फिल्टर जाम करते आणि पंपापर्यंत गेली तर खर्च टाकीच्या कितीतरी पट होतो. हलवून पण बघा, डिझेल हिंदकळू नये म्हणून आत लावलेल्या आडव्या पट्ट्या सुटलेल्या असतील तर खडखड वाजतं.

आता नळ्या, इथे घाई केली की गाडी रस्त्यात बसते. टाकीवर तीन गोष्टी शोधा, डिझेल ओढायची नळी जी तळापर्यंत जाते, रिटर्नची नळी, आणि ब्रीदर म्हणजे हवेची नळी. ओढायची आणि रिटर्नची उलटसुलट जोडली आणि रिटर्नची आतून आखूड असली तर टाकी अर्धी असतानाच इंजिन हवा खायला लागतं, आणि माणूस पंप खोलत बसतो. ब्रीदरचं तर माझ्याच गाडीला झालं, नळी चेसीजवळ दुमडली होती, लक्षात आलं नाही, तासाभराने सावद्याच्या अलीकडे गाडी ओढेना आणि बंद पडली. झाकण उघडलं तसा फुस्स करून वारा आत गेला, टाकीचा वरचा पत्रा आत बसलेला दिसत होता तो टक्कन बाहेर आला. तेव्हापासून टाकी बसवायच्या आधी मी ब्रीदरमध्ये तोंडाने फुंकून बघतो, रोज.. म्हणजे प्रत्येक वेळी.

फ्लोटसाठी मल्टीमीटर मागून आणा. जुना फ्लोट काढून खाली, मधे आणि वर धरून ओहम लिहून घ्या, मग नव्या टाकीच्या फ्लोटचे घ्या. आकडे जुळले नाहीत तर काटा खोटं सांगणार. भोक सारखं असेल तर आपलाच फ्लोट टाका, फक्त नवी टाकी जास्त खोल किंवा उथळ असेल तर दांडी बघावी लागते.

सामान आदल्या दिवशी गोळा करा: डिझेलला चालणारा होजपाइप (साधा रबरी पाइप किंवा जुनी ट्यूब डिझेलने फुगते), नवे क्लॅम्प, बँजो बोल्टचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टचे) नवे तांब्याचे वायसर, पट्ट्यांखाली घालायचं डिझेल सोसणारं रबर, दमदार बोल्ट, गाडीखाली लावायचे स्टँड, झाकणाचे कॅन. साठ लिटर डिझेलचं वजन पन्नास किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे टाकी आधी रिकामी करूनच उतरवा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, आग विझवायचं सिलेंडर हाताशी ठेवा.

आणि वेल्डिंग. ब्रॅकेट लावायचा असेल तर तो टाकीपासून लांब, वेगळा वेल्ड करून आणा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते, धुतली तरी भरवसा नाही. कोणी म्हणालं 'दोन टाके मारतो, काही होत नाही', तर टाकी उचला आणि घरी या.

कागदाचं पण बघा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं, म्हणून काम करायच्या आधीच आरटीओत आणि विम्यावाल्याला विचारून घ्या, भंगारवाल्याकडून पावती घ्या.

काम पहाटे धरा, आपल्याकडे मे महिन्यात पत्रा दहा वाजताच हाताला लागू देत नाही. भरताना गळ्यापर्यंत भरू नका, पन्नास लिटर डिझेल वीस अंशांनी तापलं तर पाऊण लिटर तरी फुगतं. आधी पाच लिटर टाका, फिल्टरवरच्या हातपंपाने हवा काढा, सगळे सांधे कोरड्या कपड्याने पुसा आणि रात्री खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर वीस लिटर टाकून एक चक्कर मारा, आणि शंभर किलोमीटर झाले की पट्ट्यांचे बोल्ट परत आवळून फिल्टर बदला.