चादर मांडीपर्यंत खाली घ्या: आतड्याचा अडथळा तपासायला शिकताना

शस्त्रक्रिया विभागात निवासी डॉक्टर म्हणून रुजू झालो तेव्हा आतड्याच्या अडथळ्याची कारणे मला तोंडपाठ होती, तरीही पहिल्याच महिन्यात माझी चूक झाली. पोट फुगलेल्या आणि हिरवट उलट्या होणाऱ्या एका वृद्ध बाईंचे पोट मी रात्री तपासले, एक्स-रे पाहिला, सलाइन लावले आणि केसपेपरवर ‘कारण अस्पष्ट’ असे लिहिले. पहाटे वरिष्ठ मॅडमनी चादर मांडीपर्यंत खाली घेतली, तेव्हा उजव्या जांघेच्या घडीखाली लिंबाहून लहान, घट्ट आणि दुखरी गाठ दिसली. तो फीमोरल हर्निया (मांडीच्या वरच्या टोकाशी आतडे बाहेर सरकणे) होता आणि त्यात अडकलेले आतडे शस्त्रक्रियेच्या वेळी काळवंडलेले निघाले. म्हणून दोन्ही जांघा, पोटावरचे जुने टाके आणि गुदद्वाराची बोटाने तपासणी, एवढे झाल्याशिवाय पोट तपासून झाले असे समजू नका.

कळा येऊन दुखणे, उलट्या, पोट फुगणे आणि गॅस व शौच पूर्ण बंद होणे ही चार लक्षणे सर्वांना माहीत असतात. ती कोणत्या क्रमाने आली हे विचारायचे मात्र राहून जाते. उलट्या लवकर सुरू झाल्या असतील तर अडथळा बहुधा लहान आतड्यात असतो आणि तिथे आधीच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटणे व हर्निया ही कारणे आधी शोधावीत. आधी शौच बंद, मग पोट फुगणे आणि उलट्या अगदी शेवटी, असा क्रम असेल तर मोठ्या आतड्याकडे वळावे. तिथे कर्करोग हे प्रौढांमधले प्रमुख कारण. त्याशिवाय सिग्मॉइडला (मोठ्या आतड्याच्या डावीकडच्या, गुदाशयाआधीच्या वळणदार भागाला) पीळ पडणे आणि डायव्हर्टिक्युलायटिसच्या (आतड्याच्या भिंतीवर तयार झालेल्या लहान पिशव्यांच्या) वारंवार सुजेने आतडे अरुंद होणे. डाव्या बाजूला आतड्याची पोकळी लहान आणि मळ घट्ट असल्याने तिथली गाठ अडथळा करते, तर उजव्या बाजूची गाठ बरेचदा नुसत्या रक्तक्षयातून उघडकीस येते.

मोठ्या आतड्याच्या अडथळ्यात मला सर्वाधिक धास्ती सीकमची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागाची, वाटते. लहान आणि मोठ्या आतड्यांमधली झडप घट्ट मिटलेली असेल तर कोंडलेल्या वायूला मागेही वाट राहत नाही. सीकमचा व्यास सर्वांत मोठा असल्याने त्याच्या भिंतीवर सर्वाधिक ताण येतो. एक्स-रेवर तो ९ सेंटिमीटरपेक्षा जास्त फुगलेला दिसला तर वरिष्ठांना लगेच कळवावे. १२ सेंटिमीटरच्या पुढे तो फुटण्याची भीती बरीच वाढते. गाठ डावीकडे असूनही पोट उजवीकडे खाली दुखू लागले, तर त्याचा अर्थ सीकमवर ताण आला आहे असा असू शकतो.

दोन ठिकाणी फसगत होते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रुग्णाला पातळ जुलाब होत आहेत म्हणून जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते आणि प्रत्यक्षात गुदाशयात मळाचा खडा अडकून त्याच्या कडेने पाणी झिरपत असते. हे बोटाने तपासल्यावर लगेच कळते. दुसरे म्हणजे १९४८ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक ऑगिल्व्ही यांनी वर्णन केलेली स्थिती, जिच्यात कोणताही अडथळा नसताना मोठे आतडे फुगते. हाड मोडलेल्या किंवा गंभीर आजारी रुग्णात ती आढळते, म्हणून शक्य असेल तेव्हा शस्त्रक्रियेचा निर्णय सीटी स्कॅन पाहूनच व्हावा.

तोंडाने काही न देणे, रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घालायची नळी), सलाइन, लघवीचे मोजमाप आणि पोटॅशियमची दुरुस्ती यांना उशीर नको. चिकटलेली आतडी पुष्कळदा एवढ्यानेच मोकळी होतात. परंतु येऊन-जाऊन दुखणारे पोट सतत दुखू लागले, नाडी वेगवान झाली, ताप आला किंवा पोट कडक लागले, तर आतड्याचा रक्तपुरवठा धोक्यात आहे असे समजून वरिष्ठांना ताबडतोब फोन करा. थांबायचे ठरले असेल तर दर काही तासांनी शक्यतो त्याच डॉक्टरने पोट पुन्हा तपासावे आणि वेळ घालून नोंद करावी, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या व्यक्तीला फरक कळेल.